कास आणि राजस्थानसाठी स्लाइड फिल्म कोणती घेऊ?

पाऊलवाट:
नमस्कार मंडळी. वडिलांचा निकॉन एफएम२ दुरुस्त होऊन आलाय. सप्टेंबरात कास पठार, दिवाळीनंतर बुंदी-जैसलमेर आणि एरवी घरची बाग. आजवर निगेटिव्हच वापरली, आता स्लाइड (जिच्यावर थेट खऱ्या रंगांचं चित्र दिसतं ती फिल्म) करून बघायचीय. वेल्व्हिया ५०, प्रोव्हिया १००एफ की एक्टाक्रोम ई१००? तिन्ही महाग, तेव्हा नीट विचार करूनच घेईन.

किरमिजी:
फुलांसाठी डोळे झाकून वेल्व्हिया. ढगाळ उजेडात बाकीच्या फिल्म्स मलूल दिसतात, तिथे ही तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा अक्षरशः पेटवते. मात्र माणसांवर नको, चेहरे टोमॅटो होतात.

झूमलेन्स:
रंगाबद्दल +१, पण कासचा वारा विसरलात का? ढगाळ हवेत वेल्व्हियाच्या ५० आयएसओला (फिल्मची प्रकाश टिपायची क्षमता) एफ८ या छिद्रावर शटर साधारण १/३० सेकंद येतो. ट्रायपॉड कॅमेऱ्याला धरेल, डोलणाऱ्या फुलाला कोण धरणार? मी १०० आयएसओची प्रोव्हिया कॅमेऱ्यात २०० वर लावतो, त्याच एफ८ ला १/१२५ मिळतो. एक स्टॉप (उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याची पायरी) पुश, म्हणजे कमी उजेड भरून काढायला जास्त वेळ डेव्हलप करणं, ती सहज सोसते. अख्खा रोल २०० वरच काढायचा आणि लॅबला पुश करायला सांगायचं.

आणि कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरवर आंधळा विश्वास नको. पांढऱ्या गेंदांचा ताटवा समोर आला की मीटर त्याला करडा करून टाकतो, तिथे एक ते दीड स्टॉप जास्त द्या. एरवी उजळ भाग सांभाळा. स्लाइडवर एकदा पांढरं फटक झालं की संपलं, निगेटिव्हसारखी सवलत इथे नाही.

पाऊलवाट:
आणि सीतेची आसवे ही फुलं? ती जांभळी-निळी येतील ना?

किरमिजी:
खात्री देत नाही. कित्येक निळी-जांभळी फुलं गडद लाल आणि अवरक्त प्रकाशही भरपूर परावर्तित करतात. आपल्या डोळ्यांना तो जवळजवळ जाणवत नाही, फिल्मला थोडाफार जाणवतो, म्हणून निळं फूल गुलाबीकडे झुकतं. फिल्म बदलून हे पूर्ण जात नाही. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) मात्र जवळ ठेवा. ओल्या पानांची चकाकी गेली की हिरवा रंग खुलतो. दीड-दोन स्टॉप उजेड खातो, हा भुर्दंड आहेच.

झूमलेन्स:
राजस्थानात दुपारच्या उन्हात वेल्व्हियाच्या सावल्या काळ्या ठिक्कर पडतील. तिथे ई१००. रंग संयमी, त्वचा खरी. विमानाने जाणार असाल तर रोल चेक-इन बॅगेत अजिबात नको, तिथल्या एक्स-रेने फिल्म खराब होते. केबिन बॅग सीटी स्कॅनरमधून जात असेल तर रोल हाताने तपासायची विनंती करा.

आणि खरेदीआधी लॅबला फोन करून ‘ई-६ (स्लाइड डेव्हलप करायची प्रक्रिया) स्वतः करता का?’ हे विचारा. निगेटिव्हच्या सी-४१ रसायनात टाकली तर हातात स्लाइड नाही, भलत्याच रंगांची निगेटिव्ह येईल.

पाऊलवाट:
मग कासला प्रोव्हिया २०० वर, राजस्थानला ई१००. वेल्व्हियाचा एकच रोल घेतो, बागेतल्या जास्वंदीसाठी. तिथे भिंतीचा आडोसा आहे, वारा लागत नाही.