मदत हवी आहे: शिक्षा तिलाच का, हे मुलांना कसं सांगू?

नमस्कार मंडळी. नववीच्या मुलांशी पुराणकथा आणि स्त्री-पुरुष समानता यावर अर्धा तास बोलायचंय आणि मी अडकलेय.

रंगीत तालीम म्हणून भाचीला ग्रीक पुराणातल्या मेदुसाची गोष्ट सांगितली. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत तिच्यावर अत्याचार करतो समुद्रदेव, आणि केसांचे साप होतात तिच्या. भाचीनं पटकन विचारलं, "मग त्याला काय झालं?" काहीच नाही! मी गप्प.

अहल्या घ्यावी, तर वाल्मीकी रामायणाच्या बालकांडात ती शिळा होतच नाही. राखेत पडून, वारा भक्षण करून, कुणाला न दिसता राहते. दगड नंतरच्या कथांमधला. (इंद्राला निदान शाप तरी मिळतो.) पँडोरा, म्हणजे ग्रीक कथेत जिनं झाकण उघडल्यामुळे जगात दुःखं पसरली ती बाई, तिच्याकडेही प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या काव्यात रांजण आहे, त्याची पेटी झाली ती 16व्या शतकात, इरॅस्मस या युरोपीय विद्वानाच्या लॅटिनमध्ये.

तर, पुन्हा सांगताना बाईवरचा दोष वाढला किंवा कमी झाला, अशा आणखी कथा सुचवाल का? ग्रीक-भारतीय सोडून असतील तर उत्तमच. आणि एखादे पालक "आमच्या श्रद्धेला हात लावू नका" म्हणाले, तर तुम्ही काय उत्तर देता? खरं तर धास्ती त्याचीच जास्त आहे.