ईएफ (डावं वेंट्रिकल, म्हणजे हृदयाचा खालचा डावा कप्पा, दर ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतो) २० टक्के असताना उजव्या बाजूचं कॅथेटरायझेशन कशासाठी?

शंकानिरसन: रुग्णाचं वय ५२, डायलेटेड कार्डिओमायोपॅथी (हृदय फुगून कमकुवत होणं), ईएफ २० टक्के. सहा महिन्यांत दोनदा अंगात पाणी साठून दाखल करावं लागलं. फ्युरोसेमाइडचा (लघवीवाटे पाणी काढणारं औषध) डोस दुप्पट झालाय, आणि वरचं बीपी ९०च्या आसपास राहतं म्हणून सॅक्युबिट्रिल-व्हल्सार्टन (हृदय कमकुवत असताना देतात, पण बीपी उतरवतं) कमी केलंय. प्रत्यारोपण केंद्र म्हणतं, यादीत नाव घालण्याआधी सीपीईटी (श्रम करवून घेतलेली श्वास-ऑक्सिजनची चाचणी) आणि उजव्या बाजूचं कॅथेटरायझेशन (शिरेतून नळी घालून हृदयाच्या उजव्या बाजूचे आणि फुफ्फुसधमनीचे दाब मोजणं) हवं. इको तर झालाय. मग हे कशाला? आणि काय निघालं तर नाव अडतं?

स्पंदन: नुसत्या ईएफवर यादी ठरत नाही. तेवढ्याच ईएफचा एक रुग्ण जिना चढतो, दुसऱ्याला आंघोळ केली तरी धाप लागते. सीपीईटीत श्रमाच्या शिखरावर शरीर किती ऑक्सिजन वापरतं ते मोजतात. बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारं औषध) चालू असताना किलोमागे मिनिटाला १२ मिलि किंवा कमी (ते सोसत नसेल तर १४) आलं की प्रत्यारोपणाचा विचार होतो. मात्र रुग्णाने पूर्ण जोर लावलेला हवा, म्हणजे आरईआर (सोडलेला कार्बन डायऑक्साइड आणि वापरलेला ऑक्सिजन यांचं गुणोत्तर) १.०५च्या वर. पाय दुखून तो लवकर थांबला, तर आकडा फसवा येतो.

कॅथेटरचा मुद्दा जास्त महत्त्वाचा. डाव्या बाजूचा दाब मागे फुफ्फुसात साचत राहिला की तिथल्या रक्तवाहिन्या आधी आवळतात, मग त्यांच्या भिंती जाड होतात. रुग्णाचं उजवं वेंट्रिकल त्या दाबाला हळूहळू सरावलेलं असतं. दात्याच्या हृदयाला ती सवय नसते. ते बसवल्यावर काही तासांतच उजवी बाजू फुगून निकामी होऊ शकते, आणि सुरुवातीच्या मृत्यूंमागचं हे एक मोठं कारण आहे.

इको दाबाचा अंदाज देतो, पण फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्यांचा रोध (रक्तप्रवाहाला होणारा अडथळा) किती ते खात्रीने सांगत नाही. समजा फुफ्फुसधमनीचा सरासरी दाब ४०, वेज प्रेशर (नळीने मोजलेला डाव्या बाजूच्या दाबाचा अंदाज) २५ आणि कार्डियाक आउटपुट (हृदय बाहेर टाकतं ते रक्त) मिनिटाला ३ लिटर. (४० − २५) ÷ ३ = ५ वुड युनिट (रोध मोजायचं एकक). रोध ३च्या वर असेल तर तिथेच नायट्रोप्रुसाइडसारखं रक्तवाहिन्या सैल करणारं औषध देऊन पुन्हा मोजतात. वरचं बीपी ८५च्या खाली न जाता रोध उतरला, तर रक्तवाहिन्या फक्त आवळलेल्या आहेत. उतरला नाही तरी दार लगेच बंद होत नाही: पाणी काढून, इनोट्रोप (हृदयाचं आकुंचन वाढवणारं औषध) देऊन किंवा एलव्हॅड (डाव्या वेंट्रिकलला मदत करणारा पंप) बसवून काही महिन्यांनी पुन्हा मोजतात. एलव्हॅडने डावी बाजू रिकामी राहिली की बऱ्याच जणांचा रोध उतरतो.

वॉर्ड_सात: सहमत. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणं (वारंवार दाखल होणं, वाढत जाणारं फ्युरोसेमाइड, बीपीमुळे कमी करावी लागलेली औषधं) प्रगत केंद्राकडे पाठवण्याची खूण आहेत, म्हणून वेळेवर पोचलात. क्रिएटिनिन चढल्यावर आणि यकृत सुजल्यावर येणाऱ्यांचे पर्याय फार कमी उरतात.

एक विसरू नका: यादीत जायची शक्यता असलेल्या रुग्णाला अगदी गरज नसताना रक्त चढवू देऊ नका. त्यातून एचएलएविरुद्ध (पेशींवरच्या ओळखखुणांविरुद्ध) अँटीबॉडी तयार होतात आणि जुळणारा दाता मिळणं अवघड होतं. द्यावंच लागलं तर ल्युकोसाइट (पांढऱ्या पेशी) काढलेलं मागा. गुडघेदुखीवर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक बंदच. पाणी साठतं आणि किडनीवरही ताण येतो.

शंकानिरसन: आभार, आता उलगडलं. ऑपरेशननंतर घरच्यांनी सगळ्यात जास्त कशावर लक्ष ठेवायचं?

टॅक्रो_ट्रफ: टॅक्रोलिमसच्या (शरीराने नवं हृदय नाकारू नये म्हणून द्यायच्या औषधाच्या) रक्तातल्या पातळीवर. रक्त आधीच्या डोसनंतर १२ तासांनी, म्हणजे सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. गोळी घेऊन गेलात तर पातळी खोटी जास्त येते आणि डोस उगाच कमी केला जातो. क्लॅरिथ्रोमायसिन आणि फ्लुकोनॅझोल पातळी वाढवतात, किडनीला इजा होते. रिफॅम्पिसिन आणि फेनिटॉइन ती पाडतात, मग रिजेक्शन (शरीर नवं हृदय नाकारतं). म्हणून कुणीही नवं औषध लिहिलं की पहिल्या गोळीआधी केंद्राला फोन.

आणि नव्या हृदयाच्या नसा कापलेल्या असतात. बसल्याजागी नाडी ९०–११० असणं तिथे नेहमीचं आहे. धमन्या अरुंद झाल्या तरी छातीत दुखेलच असं नाही, म्हणून त्रास नसला तरी केंद्राने ठरवलेली अँजिओग्राफी टाळू नका.