पिच ठरवताना धरणाची पातळीही बघा

वेकबोर्डिंगच्या (बोटीमागं दोरी धरून फळीवर उभं राहून पाण्यावर घसरायचा खेळ) बोटीला कुठला पंखा, म्हणजे प्रोपेलर, घ्यावा यावर वर दोघांनी लिहिलंय की जास्त पिचचा (पिच म्हणजे पंखा एका फेरीत जेवढा पुढं सरकेल ते अंतर) घ्या, बोट जोरात पळेल. रिकामी पळेल, खरं आहे. पण वेकबोर्डिंगला ताशी ३५ किलोमीटर म्हणजे भरपूर झाले, आणि बोट रिकामी कधीच नसते. मागे लाट मोठी उठावी म्हणून आपणच टाक्यांत पाणी भरून ती जड करतो, वर सात-आठ माणसं. तिथं लागते ती उचल. म्हणून चार पात्यांचा, कमी पिचचा पंखा.

एक गोष्ट मात्र कुणी काढली नाही: उंची. बेळगावकडचं हिडकल धरण भरल्यावर पातळी २,१७५ फूट, राकसकोप धरणाची २,४७५. पावसाळ्यात पेपरात रोज छापून येते, ती समुद्रसपाटीपासूनचीच. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद गमावतं. म्हणजे मालवणला चोख चाललेला पंखा इकडं घाटावर जड पडणार.

२०१९च्या पुरात चिकोडीकडं कृष्णेकाठी आमची ४० हॉर्सपॉवरची बोट होती. माणसं, गाठोडी, एक शेळीसुद्धा. लिव्हर पूर्ण पुढं, तरी आरपीएमचा (इंजिनाचे मिनिटाला फेरे) काटा ४,८००च्या वर जाईना, बोट नाक वर करून पाणी नुसतं ढकलत होती. नंतर १३चा काढून ११ इंच पिचचा बसवला, तेवढ्याच वजनात काटा ५,१५० पर्यंत गेला. पिच एका इंचानं कमी केला की दीडशे-दोनशे आरपीएम वाढतात, हा हिशेब तेव्हा पटला. तेव्हा पंखा घ्यायच्या आधी पूर्ण वजन भरून, फुल थ्रॉटलला आरपीएम किती येतो ते इथं टाका.