स्कॅनर लावण्याआधी बॉनेटखाली काय सापडलं? अनुभव लिहा

'चेक इंजिन'चा दिवा लागला की हल्ली आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, शोधला जातो. कोडवरून सेन्सरची तक्रार कळते, पण बिघाडाची जागा कळेलच असं नाही. नुसत्या डोळ्यांना सापडलेले बिघाड इथे लिहा. सुरुवात मी करतो.

माझ्या गाडीत कोड होता पी ०१७१, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. गॅरेजवाले ऑक्सिजन सेन्सर बदला म्हणत होते. एअर फिल्टरकडून थ्रॉटल बॉडीकडे (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) जाणारा रबरी पाईप हाताने वाकवून पाहिला, तर खालच्या घडीत चीर! हवा मोजणारा सेन्सर त्या चिरेच्या अलीकडे, त्यामुळे चिरेतून शिरणारी हवा हिशेबातच येत नव्हती. पाईप बदलला, सेन्सर जुनाच आहे.

*

आम्ही रत्नागिरीचे, खाऱ्या हवेतले. एकाच वेळी तीन-चार असंबद्ध कोड आले की मी अर्थिंग बघतो. बॅटरीची निगेटिव्ह केबल बॉडीला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे गंज चढला होता. बॅटरीची केबल सोडवून तो सांधा घासला, आवळला. कोड पुसले, ते पुन्हा आले नाहीत.

*

पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये उंदीर. इंजेक्टरची वायर कुरतडलेली, फिल्टरच्या डब्यात शेंगांची टरफलं. टॉर्च मारताच दिसलं.

*

माझं नाशिकला गॅरेज आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. इंजिन थंड असतानाच बघा. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका, आणि चावी काढली तरी पंख्यात बोटं घालू नका. काही गाड्यांत तो आपोआप फिरतो.

ऑइलच्या झाकणाआत दुधी साय दिसली की लोक हेड गॅस्केट (इंजिनातलं ऑइल आणि कूलंट एकमेकांत मिसळू न देणारं सील) गेलं म्हणून घाबरतात. पावसाळ्यात जवळजवळचेच फेरे मारणाऱ्या गाडीत नुसती वाफ जमूनही ती धरते. मात्र डिपस्टिकवरचं (ऑइल मोजायच्या पट्टीवरचं) ऑइलही दुधी असेल आणि कूलंट, म्हणजे रेडिएटरमधलं इंजिन थंड ठेवणारं द्रव, घटत असेल, तर इंजिन चालू करू नका, गाडी टो करून आणा.

आणि एक कळकळीची विनंती. दाखवायला आणण्याआधी इंजिन धुऊन आणू नका. गळती कुठून सुरू झाली हे तेलाच्या ओघळावरून आम्हाला कळतं, तोच ओघळ धुतला जातो.