थिंगला पैकीच्या पैकी

नेटफ्लिक्सवरच्या 'वेन्सडे' मालिकेचा दुसरा सीझन पहिल्याच्या मानाने फिका वाटला, या मताशी अर्धा सहमत. अर्धाच, कारण रहस्य मला पहिल्यातही फार दमदार वाटलं नव्हतं. राक्षस कोण याचा संशय लवकर आला आणि तो खरा निघाला. पण २०२२ च्या त्या आठ भागांत वेन्सडे झालेली जेना ऑर्टेगा पापणी न लवता अशी काही वावरलीये की कथेतली भोकं दिसलीच नाहीत. चौथ्या भागातला नाच तर तिने स्वतःच बसवलाय! गंमत म्हणजे मालिकेत 'द क्रॅम्प्स' या बँडचं गाणं वाजतं, पण टिकटॉकवर लोकांनी त्याला लेडी गागाचं २०११ चं 'ब्लडी मेरी' चिकटवलं. आणि दुसऱ्या सीझनमध्ये गागाबाई चक्क पाहुण्या म्हणून हजर.

दुसऱ्यात मला खटकलं ते तुकडे पाडणं. चार भाग ६ ऑगस्टला, उरलेले ३ सप्टेंबरला. मधल्या महिन्यात कोण कोणावर का चिडलंय हेच विसरलो. शिवाय वेन्सडेच्या घरच्या मंडळींना जास्त जागा दिल्याने तिची आणि रूममेट ईनिडची खोलीतली जुगलबंदी आटली. मालिकेचा जीव तिथे होता हो!

आणि थिंगबद्दल, म्हणजे वेन्सडेसोबत फिरणाऱ्या त्या सुट्या हाताबद्दल, कुणीच कसं लिहिलं नाही? तो नुसता संगणकावर बनवलेला हात नाहीये. व्हिक्टर डोरोबांत्सू या रोमानियन जादूगाराचा खराखुरा हात आहे, बाकीचा माणूस नंतर चित्रातून पुसून टाकलाय. चेहरा नाही, आवाज नाही, आणि तरी पठ्ठ्या नुसत्या बोटांनी रुसतो.