मसाजचा दाब: किती सोसायचा, कुठे थांबायचं?

मसाज जितका दुखेल तितका गुणकारी, या समजुतीपायी लोक अंगावर काळेनिळे डाग घेऊन घरी जातात. रोज हे काम करणाऱ्यांनी दाबाचं आपलं गणित सांगावं.

•

मसाज घेणाऱ्याला कळ आकड्यात सांगायला लावा: ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे असह्य. ५-६ पर्यंत चालतं, ७ झालं की हात हलका करायचा. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. "चालेल, चालेल" म्हणत सोसणारे पुष्कळ. पायाची बोटं आवळली, श्वास अडकला, खांदा कानाकडे सरकला, की दाब जास्त झालाच. आवळलेल्या स्नायूवर जोर वाढवला तर तो आणखी ताठरतो.

•

बहुतेक वेळा क्रम चुकतो म्हणून दुखतं. आधी ३ ते ५ मिनिटं पूर्ण तळहात, मग मूठ, कोपर अगदी शेवटी. स्नायूतली आवळलेली गाठ सापडली की समोरचा श्वास सोडत असताना वजन टाकायचं, तो श्वास घेऊ लागला की आहे तिथेच थांबायचं. ३० ते ६० सेकंद हात स्थिर. तेवढ्यात ६ ची कळ ३ वर यायला हवी. दीड मिनिटातही उतरली नाही तर जागा तरी चुकली किंवा दाब तरी. सोडा, आजूबाजूला मोकळं करून परत या. आणि तेल कमी घ्या हो! हात घसरतो, मग पकडीसाठी नकळत जोर वाढतो.

•

टेबल उंच असलं की जोर खांद्यातून येतो आणि अंगठा टोचतो. सरळ उभं राहून हात सैल सोडल्यावर मुठीची पेरं टेबलाला टेकावीत, एवढीच उंची.

•

जड, ठसठसणारं, "हां, तिथेच" असं दुखणं स्नायूचं. करंट, मुंग्या, बधिरपणा आला तर नस दबतेय, तत्काळ हात उचला. गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्यामागची लवण इथे खोल दाब नाहीच. एकच पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर हात न लावता डॉक्टरांकडे पाठवा. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते.

•

वरच्या आकड्यांना एक पुरवणी. मधुमेहाने बधिर झालेली पावलं किंवा नुकतीच घेतलेली वेदनाशामक गोळी असेल तर सांगितलेला आकडा धरूच नका, त्यांना खरी कळ जाणवतच नसते. रक्त पातळ करणारी गोळी, ठिसूळ हाडं हेही आधीच विचारा. दुसऱ्या दिवशी थोडं अंग दुखेल. तिसऱ्या दिवशीही हात लावू देत नसतील तर पुढच्या वेळी निम्म्या दाबाने सुरुवात. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टर.