कार्लोस ताइस यांची उद्याने आणि आपला सडा

किनाराकाठ (दापोली) यांचा प्रश्न:
आमच्या गावाबाहेरच्या सड्यावर (जांभ्या कातळाच्या पठारावर) सार्वजनिक उद्यान करण्याचे ठरत आहे. आराखड्यात हिरवळ, कारंजे आणि बाहेरून आणायची शोभेची झाडे एवढेच आहे. पॅरिसमध्ये 1849 साली जन्मलेले कार्लोस ताइस 1889 मध्ये अर्जेंटिनात गेले आणि त्या देशातील उद्यानांना त्यांनीच रूप दिले, असे वाचनात आले. परदेशातून आलेल्या माणसाला हे कसे साधले, आणि त्यातून कोकणाने काय घ्यावे?

रोपवाटिका:
ताइस हे फ्रेंच उद्यानरचनाकार एदुआर आंद्रे यांच्या हाताखाली तयार झाले होते, त्यामुळे वळणदार वाटा आणि तळी ही फ्रेंच रीत त्यांनी सोबत नेली. 1891 पासून दोन दशकांहून अधिक काळ राजधानी ब्युनोस आयर्सच्या उद्यानांचा कारभार त्यांच्याकडे होता आणि कोर्दोबा, मेंदोसा, तुकुमान येथील मोठी उद्यानेही त्यांनी आखली. तरीही त्यांचे खरे मोठेपण मला आराखड्यांत नव्हे, तर झाडांच्या निवडीत दिसते, कारण युरोपीय झाडांवर विसंबून न राहता त्यांनी देशाच्या उत्तर भागातील अरण्यांतले जकारंडा, टिपा आणि लापाचो राजधानीच्या रस्त्यांवर आणले. 1898 मध्ये खुल्या झालेल्या वनस्पती उद्यानात देशी झाडांना मानाची जागा होती, आणि यर्बा माते (जिच्या पानांचे चहासारखे पेय करतात ती वनस्पती) हिचे बी रुजवण्याची विस्मरणात गेलेली युक्तीही त्यांनी पुन्हा साध्य केली. हे सारे आधी लावून, वाढवून, पाहून झाले. आपल्या आराखड्यात रोपवाटिकेचा उल्लेखच नसेल, तर माझ्या मते तो अपुरा आहे.

जांभा:
एक भर घालतो. केवळ देशी झाडांचा आग्रह पुरेसा नाही. ड्रेस्डेनजवळ जन्मलेले गुस्ताव हेर्मान क्रुंबिगेल लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातून 1893 मध्ये बडोद्यास आले आणि 1908 पासून त्यांनी बंगळूरच्या लालबागेची धुरा सांभाळली. एका झाडाचा बहर ओसरताच दुसरे फुलावे अशी त्यांनी रस्त्यांची लावणी केली, आणि त्यात परदेशी झाडेही होती. आपल्याकडे सुरंगी, ताम्हण, बकुळ आणि सातवीण यांचे बहर असेच एकापाठोपाठ जोडता येतील. खाऱ्या वाऱ्याच्या बाजूला मात्र उंडी आणि करंज हवेत.

सडेकर:
सड्यावर मातीचा भराव घालून हिरवळ करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. पावसात कातळावरच्या उथळ मातीत सीतेची आसवे आणि इतर रानफुले उमलतात. भरावाखाली ती कायमची नष्ट होतील. शिवाय आपल्याकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडत असला, तरी जांभ्यातून पाणी झिरपून जाते आणि मे महिन्यात विहिरी तळ गाठतात, तेव्हा त्या हिरवळीला पाणी कोठून देणार? झाडे सड्याच्या कडेला, जेथे माती खोल आहे तेथे लावावीत आणि मधला कातळ तसाच मोकळा ठेवून त्यावरून फक्त एक पायवाट न्यावी. आराखडा मंजूर होण्यापूर्वी ग्रामसभेत हा मुद्दा लेखी मांडावा.